उजव्या हाताच्या दोन रिबिनी

रात्री साडेनऊला शेडमधली लाइट गेली, तेव्हा बद्रीनाथ काका मनस्विनीच्या सायकलची चेन पुसत होते. त्यांचा हात थांबला नाही. गुलमंडीतल्या आपल्या दुकानात तीस वर्षं सायकली दुरुस्त केलेल्या माणसाला उजेड लागतो कशाला?

कसाबखेडा फाट्याजवळच्या शेतातलं ते पत्र्याचं शेड. सकाळी सातला डोंगरातली सायकल शर्यत होती, म्हैसमाळच्या पठारावरून रानातल्या पाऊलवाटांनी खाली वेरूळपर्यंत. शर्यत भरवणाऱ्या ग्रुपची बाकीची पोरं जेवून झोपली होती. काकांजवळ तिघंच उरली होती: हिमांशू, सत्यम आणि मनस्विनी. मनस्विनीला यंदा पहिल्यांदाच काम मिळालं होतं. सगळ्यांच्या मागे राहायचं आणि वाटेवर खुणेसाठी बांधलेल्या रिबिनी सोडत यायचं. संध्याकाळपर्यंत रानात एक रिबीन राहता कामा नये, ही वनखात्याच्या परवानगीची अट. मागे राहणाऱ्याला ग्रुपमध्ये ‘शेपूट’ म्हणत.

"आमची शेपूट भित्री आहे काका," हिमांशू म्हणाला. "पान हललं तरी ब्रेक दाबते."

मनस्विनी हसली. पण सायकलच्या आणखी जवळ सरकली.

काकांनी तिची कापडी पिशवी मागून घेतली, अंधारातच आत हात घालून पाहिला. रिकामी होती. ती परत देत ते म्हणाले, "शेवटचा गडी पुढं गेल्याबिगर एक रिबीन सोडायची नाय. आन् खालून वर कधी जायचं नाय. विश्वजीत गेला होता."

हा विश्वजीत कोण, ते सत्यमने विचारलं. मग काकांनी चेन खाली ठेवली.

विश्वजीत त्यांच्या दुकानात रोजचा येणारा. गडी चांगला, हुशार, फक्त फोटोत मागच्या रांगेत उभं राहणं त्याला जमायचं नाही. तीन वर्षांमागे, डिसेंबरातच, तो शेपूट होता. खाली वेरूळला बक्षीस समारंभ चारला. वरून मागे मागे यायचं तर सहा वाजणार, म्हणजे पाहुण्यांबरोबरचा फोटो हुकणार. त्याने डोकं चालवलं. खालून सुरुवात केली. रिबिनी सोडत वर चढायचं, शेवटचा गडी वाटेत भेटेलच, त्याला सोबत घेऊन उतरायचं. अर्ध्यावर त्याने वरच्या, पाणी वाटायच्या ठिकाणी फोन केला, सगळे गेले का? तिथला पोरगा म्हणाला, गेले असतील. विश्वजीत तिथूनच मागे फिरला. फोटोत तो मधोमध आहे.

गेले नव्हते. एक्केचाळीस नंबरचा राजकुमार मागे होता. लासूर स्टेशनचा पोरगा, जुन्या सायकलवर आलेला. ती सायकल काकांनीच उभी करून दिली होती. मागच्या चाकाचं फ्रीव्हील मोडीतलं, त्याचा एक दात गेलेला. पायडल थांबवलं की टक टक टक... मग एक घास गिळल्यासारखी गप्प... मग पुन्हा टक टक टक. पोरं हसायची त्याला. त्या दिवशी तो पंक्चर काढत बसला होता.

"आपल्यात कसं हाय," काका म्हणाले, "एक रिबीन म्हंजे सरळ चल. दोन म्हंजे वळ, ज्या हाताला बांधल्या त्या हाताला. दगडाच्या खदानीआधी उजव्या हाताला दोन असतात. तिथं वळायचं. सरळ जो रुंद रस्ता दिसतो, तो खदानीचा."

त्या दोन रिबिनी तेव्हा विश्वजीतच्या पिशवीत होत्या.

राजकुमार दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. खदानीच्या तळाला.

ग्रुपने अपघाताचा कागद केला. त्यात लिहिलं, स्पर्धक आखलेला मार्ग सोडून जवळच्या वाटेने गेला. म्हणजे लबाडी करायला गेला आणि मेला. त्याची आई, आशाबाई, बैठकीला आली होती. रडली नाही, भांडली नाही. एकच विचारलं तिने. "माझं लेकरू लबाड नव्हतं. तिथं रिबिनी होत्या का, एवढंच सांगा."

सगळ्यांनी विश्वजीतकडे पाहिलं.

"होत्या," विश्वजीत म्हणाला.

बाहेर ऊस सळसळला तशी मनस्विनी दचकली, पण या वेळी हिमांशू हसला नाही.

पुढच्या साली रिबिनी बांधायचं काम विश्वजीतकडे आलं. शर्यतीचा आदला दिवस, शनिवार, नऊ डिसेंबर दोन हजार तेवीस. कार्तिक वद्य द्वादशी, चंद्र पहाटेशिवाय उगवायचा नव्हता. दुपारी चारला तो पठारावरून एकटा निघाला. नीट, हाताच्या उंचीवर, दुहेरी गाठ मारत. साडेसहाला अंधार झाला. सात वाजून दहा मिनिटांनी तो खदानीच्या वळणावर पोचला. उजव्या हाताच्या बोरीला दोन रिबिनी बांधल्या आणि काम झाल्याचं ग्रुपला दाखवावं म्हणून मागच्या वाटेचा फोटो काढला.

फ्लॅश पडला.

फोटोत वाट होती. झुडपं होती. रिबीन एकही नव्हती.

तो वीस पावलं मागे गेला. नाही. पन्नास पावलं. नाही. जिथे स्वतःच्या हाताने गाठ मारली होती, तिथे मोकळी फांदी हलत होती. आत्ताच कुणीतरी सोडल्यासारखी...

आणि वरून आवाज आला.

टक टक टक... गप्प... टक टक टक.

कुणीतरी पायडल न मारता उतरत होतं. घाई नव्हती. शेवटचा माणूस येतो तसं.

विश्वजीतने सायकल उचलली. वळण कुठलं, बोर कुठली, काही सुधरेना. बॅटरीच्या उजेडात पुढे एक रिबीन दिसली. तो तिच्याकडे सुटला. पुढे आणखी एक. त्याचीच दुहेरी गाठ. आणखी एक. त्याच्या मनात आलंच नाही की पुढे त्याने अजून काही बांधलंच नव्हतं. भ्यालेला माणूस खुणेच्या मागे जातो. रस्ता रुंद झाला. चाक सुसाट सुटलं. एक रिबीन... आणखी एक...

मग पुढे नव्हती.

त्याने ब्रेक दाबला. पुढचं चाक थांबलं. चाकाखालचा एक दगड निसटला.

...

खाली पडल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

मागचा आवाजही थांबला होता. अगदी जवळ. पाठीशी. कुणी काही बोललं नाही. कुणी हात लावला नाही. नुसतं उभं होतं... तो पुढे जायची वाट पाहत.

विश्वजीत तिथेच बसला. उजाडेपर्यंत.

"उजाडलं तेव्हा खदानीकडं एक रिबीन नव्हती," काका म्हणाले. "समद्या पाऊलवाटेवर, जागच्या जागी. बोरीला दोन. साडेसातला खाली माझ्या तंबूत आला. समदं मलाच सांगितलं. मी म्हणलं, मला काय सांगतो? लासूरला जा, त्या माउलीला सांग. व्हय म्हणला. आधी शर्यत होऊ द्या म्हणला. मग संक्रांत होऊ द्या म्हणला. मग पुण्याला नोकरी लागली. आता फोन उचलत नाय."

"आणि तो कागद?" सत्यमने विचारलं.

"हाय की. पोरगं अजून लबाडच हाय त्यात."

मनस्विनीने पिशवी घट्ट धरली होती. भित्र्या माणसाला नको तेच आधी सुचतं. ती हळूच म्हणाली, "काका, मग तुम्ही सांगितलं का त्यांना?"

काकांनी चेन पुन्हा हातात घेतली. चेन केव्हाच स्वच्छ झाली होती. ते पुसत राहिले.

"माझं दुकान तुम्हा ग्रुपवाल्यांवरच चालतं, बाई," ते म्हणाले. "लासूर काय लांब नाय इथून. अर्ध्या तासाचा रस्ता. दोन वर्षं झाली."

लाइट आली. सगळ्यांनी डोळे बारीक केले. झोपा आता, सकाळी लवकर उठायचंय, म्हणत काका उठले आणि बाहेरचं फाटक लावायला गेले. मनस्विनी त्यांच्या मागोमाग गेली, आत एकटं बसवेना म्हणून.

फाटकाबाहेर दोन रस्ते फुटत होते. डावीकडचा वेरूळला, उजवीकडचा लासूर स्टेशनला. काका कडीला हात घालून तसेच उभे राहिले. मनस्विनीने त्यांच्या खांद्यावरून पाहिलं.

उजव्या हाताला, बाभळीच्या फांदीला, दोन रिबिनी बांधल्या होत्या. उन्हाने पार पांढऱ्या पडलेल्या. दुहेरी गाठ.

काकांनी कडी लावली आणि आत जाऊन झोपले.