मागच्या सीटवरची अंडी

“ही शेवटची खेप,” आत्या म्हणाली. अंडी उबवण्याच्या यंत्राचं दार लावून ती तिथेच फरशीवर टेकली. “यातून पिल्लं निघाली तर ठीक. नाहीतर यंत्र विकून टाकते आणि परत कारखान्यात रात्रपाळीला लागते. माझ्याच्याने आता होत नाही.”

दारात तिघं उभी होती आणि तिघांचीही तोंडं उतरलेली होती. वकीलबाई म्हणजे आत्याची तेरा वर्षांची भाची. समोरच्याने हो म्हटलं तरी ती वाद घालते, म्हणून हे नाव. जांभई हा तिचा धाकटा भाऊ. त्याला हे नाव का पडलं ते त्याच्याकडे एकदा बघितलं की कळतं. आणि चिमणी ही आत्याची मुलगी. कारखाना दूरच्या शहरात होता. आई तिकडे गेली की चिमणीची रवानगी वसतिगृहात होणार, हे ठरल्यातच जमा होतं. तिची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली आली होती आणि चिमणी तिच्याकडे न बघता येता-जाता तिला ठेचकाळत होती.

सुट्टीत मजा करायची म्हणून दोघं भावंडं इथे आली, पण मजा करायला घरात कुणाच्या अंगात त्राण तर हवं. आत्या रात्रभर उठून उठून यंत्राचं तापमान बघायची आणि दिवसा उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. गेल्या काही महिन्यांपासून प्रत्येक खेपेची निम्म्याहून जास्त अंडी वाया जात होती. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तो यंत्रात काही दोष नाही म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तरी आत्याचा संशय यंत्रावरच, कारण दुसरं कुणी संशय घेण्यासारखं दिसतच नव्हतं.

“बाळांनो, एवढं करा,” आत्या भिंतीला धरून उठत म्हणाली. “अंडी ठेवून आठवडा झालाय. आता ती दिव्यावर धरून बघा. आत लाल शिरा दिसल्या तर परत ठेवा. नुसतं पिवळं दिसलं तर बाजूला काढा. मी जरा पाठ टेकते.”

कोठीच्या खोलीत काळोख होता. एका खोक्यात दिवा, खोक्याला वर भोक, भोकावर अंडं धरायचं. पहिली दहा-बारा अंडी बघताना जादू वाटली. मग मान दुखायला लागली. पिवळं, पिवळं, लाल, पिवळं. बाजूला काढलेल्या अंड्यांची रास वाढत चालली तशी चिमणी तिच्याकडे पाठ करून बसली.

“सरळ धर ना रे अंडं,” वकीलबाई भावावर करवादल्या.

“हात दुखतो. आडवं धरलं म्हणून काय त्याची झोपमोड होणार आहे?” जांभईने आळसाने अंडं लोळवलं आणि एकदम थांबला. “ए, हे बघ. आत बुडबुडा पळतोय.”

“बुडबुडा नाही, हवेची पोकळी असते ती. जाड टोकाला. आणि ती पळत नाही,” चिमणी म्हणाली.

“तुझी नसेल पळत. माझी पळतेय.”

तिघांनी डोकी जवळ आणली. खरंच, अंडं जसं कलवावं तशी ती पोकळी आत घरंगळत होती. त्यांनी बाजूला काढलेली अंडी पुन्हा दिव्यावर धरली. जवळजवळ सगळ्यांची तीच गत. मग चिमणीने ट्रेच्या कोपऱ्यातली निळ्या खुणेची अंडी आणली. शेजारच्या शिंपीणकाकू आपल्या कोंबड्यांची थोडी अंडी याच यंत्रात ठेवायला द्यायच्या आणि ओळखू यावीत म्हणून त्यांवर शिवणाच्या खडूने रेघ मारायच्या. त्यातल्या एकाचीही पोकळी हलेना. प्रत्येकात लालभडक शिरा होत्या आणि मधोमध एक काळा ठिपका फडफडत होता.

“यंत्र तेच, ट्रे तोच, तापमान तेच,” वकीलबाईंनी बोटांवर मोजलं. “मग काकूंची अंडी बरी आणि आपलीच का वाईट? यंत्रावरचा आरोप मागे घ्यावा लागणार.”

“आईला विचारू या,” चिमणी म्हणाली.

आत्या खाटेवर आडवी होती, डोळे मिटलेले.

“आई, अंड्यातली पोकळी कशाने हलते गं?”

“हादरे बसले की,” आत्या झोपेतच पुटपुटली. “आतलं अस्तर सुटतं. मग पिल्लू धरत नाही.” आणि कूस बदलून ती घोरायला लागली. इतके दिवस ज्या उत्तरासाठी तिने जीव आटवला होता ते तिच्याच तोंडून निघालं, आणि ते तिला ऐकूही आलं नाही. चिमणीला त्या क्षणी इतकी माया दाटून आली की तिने आईच्या पायांवर चादर ओढली, आणि मगच ती बाहेर आली.

“काकूंची अंडी कुंपणावरून टोपलीतून येतात,” ती हळू आवाजात म्हणाली. “आपली येतात मामाच्या गाडीतून.”

हा मामा म्हणजे भावंडांचा काका, आत्याचा धाकटा भाऊ, माणूस एकच. स्वभावाने लाख, बहिणीवर जीव. दर खेपेला लांबच्या कोंबडीपालन केंद्रातून अंडी आणून देणार, तीही पेट्रोलचं नाव न काढता. फक्त गाडीचा विषय निघाला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

“पण एक अंडं फुटत नाही कधी. काका गाडी जपून चालवतो,” वकीलबाईंनी उलटतपासणी घेतली.

जांभई अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होता. “मागच्या सुट्टीत आपला चेंडू हिच्याखालून पलीकडे जायचा. काल अडकला. मला हात घालूनही काढता आला नाही.”

तो जमिनीवर आडवा झाला. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मागच्या चाकाच्या आत त्याला स्प्रिंग दिसली, आखूड. तिच्याजवळ रबराचा एक ठोकळा होता, आणि ठोकळ्यावर काहीतरी आपटून आपटून त्याच्या चिंध्या झालेल्या.

“काय रे, गाडीखाली झोपायला जागा शोधतोस काय?” मागून काकाचा आवाज आला.

“काका, गाडी खाली का आलीये?”

काकाची कळी खुलली. “दिसलं ना? स्प्रिंगचे वेढे कापून घेतले गॅरेजमध्ये. गाडीचं वजन जमिनीजवळ आलं की वळणावर ती कलत नाही. पूर्वी होडीसारखी डुलायची. आता बघ कशी रुळावरून गेल्यासारखी वळते.”

“कधी कापलेस?” वकीलबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“झाले की पाच-सहा महिने.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्याची अंडी तेव्हापासूनच वाया जात होती. चिमणीच्या ओठांवर शब्द आले, पण वकीलबाईंनी तिचा हात दाबला. काकाला तोंडावर सांगितलं असतं तर तो रुसला असता आणि ऐकलं तर मुळीच नसतं.

“पैज लाव,” वकीलबाई म्हणाल्या. “मागच्या सीटवर बसून मांडीवर पाण्याचं पातेलं धरायचं, केंद्रापर्यंत. पाणी सांडलं नाही तर आम्ही सुट्टीभर तुझी गाडी धुऊ. सांडलं तर गाडीला पूर्वीसारख्या स्प्रिंगा, आणि तोवर अंडी बसने आणायची.”

“कबूल. धर तू पातेलं.”

“मी धरलं तर म्हणशील मुद्दाम सांडलं. तू धर. गाडी आत्या चालवेल.”

स्वतःच्या गाडीत काका आजवर मागे बसलाच नव्हता. पण आता माघार घेतली तर लाज होती.

आत्याला उठवून चावी हातात दिली तेव्हा ती रडकुंडीला आली. “अरे, मला झोपू द्या रे.” पण चिमणीने तिचा पदर धरून “आई, एकदाच, माझ्यासाठी,” म्हटलं आणि ती निमूटपणे येऊन स्टिअरिंगमागे बसली. वकीलबाई पुढे. मागे मधोमध काका, मांडीवर पातेलं, दोन्ही बाजूंना चिमणी आणि जांभई.

मोठ्या रस्त्याचं लांबलचक वळण आलं. आत्याने गाडी वळवली, पाणी जरासं एका कडेला सरकलं आणि परत आलं. गाडी खरोखरच कलली नव्हती.

“बघितलंत?” काकाने मिशीत हसत विचारलं. “काढा बादल्या.”

“छान वळली,” वकीलबाईंनी मान्य केलं. न्याय म्हणजे न्याय.

मग गाडी कालव्याकाठच्या रस्त्याला लागली. केंद्राकडे जायचा हाच रस्ता, जुन्या ठिगळांचा. पहिल्याच ठिगळावर खालून धाडकन आवाज आला. चाकाला वर जायला जागाच उरली नव्हती. स्प्रिंग संपून गाडी थेट रबरी ठोकळ्यावर आपटली, आणि तो दणका सीटमधून काकाच्या कण्यात गेला. पाणी उडून त्याच्या शर्टावर आलं.

“हळू चालव ना ताई.”

“याहून हळू चालायचं म्हणजे उतरून ढकलावी लागेल,” आत्या म्हणाली.

धाड. धाड. पातेलं निम्मं रिकामं झालं. पुढे रस्ता वळत होता आणि वळणावरच खड्डे होते. तिथे गाडीचं मागचं अंग टणकन उडालं आणि हातभर बाजूला सरकलं. आत्याने गाडी सावरली, कडेला घेतली, आणि तिची झोप साफ उडाली.

“ही रस्ता सोडते,” ती म्हणाली. “सरळ डांबरावर ठीक आहे, पण खडबडीत वळणावर चाक टेकतच नाही. तू रोज अशी चालवतोस?”

काकाची पँट ओलीचिंब होती आणि हात कमरेवर होता. उरलेलं पाणी पातेल्याच्या तळाशी हलत होतं. आत्या आरशातून त्या पाण्याकडे बघत राहिली.

“अंडी कुठे ठेवतोस तू?” तिने हळूच विचारलं.

“मागे. इथेच.” काका म्हणाला.

“हादरे,” आत्या म्हणाली. “मला माहीत होतं गं हे. धंदा शिकताना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. अंडी फुटली नाहीत म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. मी यंत्राला दोष देत बसले.” तिने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

“आई, पेटी माळ्यावर ठेवू?” चिमणीने विचारलं. तिला रडू येत होतं आणि ते लपवायचं तिने सोडून दिलं होतं.

“आणखी एक खेप बघू,” आत्या म्हणाली. “मग ठेवू.”

ती खेप काका बसने घेऊन आला. दोन ट्रे मांडीवर, भुसा भरलेली गादी खाली, आणि उठून जागा द्या म्हणणाऱ्या प्रत्येकाशी भांडून. घरी पोचला तेव्हा त्याला उभं राहवत नव्हतं. पण गाडी तेव्हा गॅरेजमध्ये होती, आणि स्प्रिंगा बदलायला त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

सुट्टी संपत आली असताना एका दुपारी यंत्रातून बारीक टकटक ऐकू आली. तिघांनी काचेला नाकं लावली. एका कवचाला तडा गेला, मग शेजारच्याला, मग बघता बघता ट्रेभर. काका मागे उभा राहून बघत होता.

“मी आयुष्यभर पुढे बसून गाडी चालवली,” तो म्हणाला. “मागे बसायला तुम्ही लावलंत. बरं केलंत रे पोरांनो.” आणि त्याने जांभईच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की जांभई बराच वेळ जागा राहिला.

चिमणी आईला उठवायला धावली. आत्या खुर्चीतच झोपली होती, मान एका बाजूला कललेली. चिमणीच्या हाताने ती दचकली.

“तापमान किती?”

“बरोबर आहे. आई, पिल्लं निघाली. भरपूर.”

आत्याने कान दिला. आतून चिवचिवाट येत होता. तिने चिमणीला जवळ ओढलं, तिच्या केसांवर हनुवटी टेकवली आणि म्हणाली, “गुणाची माझी पोरं. सगळीच्या सगळी.”

“बघायला चल ना.”

“येते,” आत्या म्हणाली, पण तिचे डोळे पुन्हा मिटले होते. चिमणीने तिला हलवलं नाही. थोड्या वेळाने तिने आईचे हात हळूच सोडवले, वकीलबाईंना खूण केली, आणि दोघींनी मिळून ती पत्र्याची पेटी आवाज न करता माळ्यावर चढवली.