सातव्या खोलीतला लाल दिवा

सकाळचा चहा देऊन यंत्रगाडी वळली, तेव्हा मंदाकिनी उमप तिला म्हणाल्या, "थांब गं जरा."

गाडी थांबली नाही. दार आपोआप लागलं आणि भिंतीतून नेहमीचा गोड आवाज आला, "मंदाकिनीताई, तुमचं तापमान आणि रक्तदाब उत्तम आहे. मूत्रमार्ग स्वच्छ आहे. आराम करा."

"आराम करून करून पाठ दुखायला लागली नं बाई," त्या भिंतीला म्हणाल्या.

मंदाकिनीबाईंनी तरुणपणी अमरावतीच्या टेलिफोन कार्यालयात ऑपरेटरची नोकरी केली होती. कुणाची नागपूरची लाइन जोडून दे, कुणाची अकोल्याची. लग्न केलं नाही. धाकटी बहीण होती, ती मागच्या वर्षी गेली. अंगणात पाय घसरून खुबा मोडला, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना या रुग्णालयात आणून सोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. नंतर मात्र त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही.

त्यांच्या पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी टांगलेली होती आणि तिच्याकडे येणाऱ्या नळीवर एक हिरवा ठिपका उजळलेला असायचा. पहिल्या दिवशी सिस्टर अर्पणा तायडे यांनी ती नळी बसवली, तेव्हा मंदाकिनीबाईंनी विचारलं होतं, "हा दिवा कशाचा?"

"ही जागती नळी आहे मावशी. साध्या नळीतून जंतू हळूहळू वर चढतात. एकटादुकटा जंतू फारसं काही करत नाही. पण ते एकमेकांना रसायनांच्या खुणा करतात आणि पुरेसे जमले, की नळीला चिकट थर धरतात. मग औषधही नीट लागू पडत नाही. ही नळी त्या खुणा मधल्या मध्ये पुसते. प्रत्येक जंतूला वाटतं, आपण इथं एकटेच आहोत."

"म्हणजे लाइन कापते म्हणा की!"

अर्पणा हसली. "हो, लाइन कापते. आणि तरीही ते जमलेच तर दिवा लाल होतो. मग मी धावत येते."

त्यानंतर आठवडे गेले, पण दिवा हिरवाच राहिला. अर्पणा पुन्हा आली नाही.

ती तळमजल्यावरच्या देखरेख कक्षात बसायची. समोरच्या पडद्यावर सगळ्या खोल्यांचे हिरवे ठिपके असत. पूर्वी याच मजल्यांवर ती दिवसभर चालायची. हात धुवायचे, हातमोजे घालायचे, नळीभोवतीची जागा हळुवार स्वच्छ करायची. पिशवी मूत्राशयाच्या खालीच आहे ना, जमिनीला टेकत नाही ना, नळीला पीळ पडला नाही ना, हे बघायचं. नळीचा सांधा कधीही उघडायचा नाही. आणि रोज सकाळी डॉक्टरांना विचारायचं, "हिची नळी आज काढता येईल का?" कारण नळी जितकी लवकर निघेल, तितका धोका कमी. हे करताना पेशंट बोलत राहायचे. सुनेबद्दल, शेताबद्दल, मेलेल्या नवऱ्याबद्दल. आता तिच्याशीही कुणी बोलत नव्हतं. डबासुद्धा ती पडद्यासमोरच खायची.

एका दुपारी सातव्या खोलीचा ठिपका लाल झाला.

जागती नळी आल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. अर्पणाने लिफ्टची वाटही पाहिली नाही. ती जिना चढून धापा टाकत खोलीत शिरली. मंदाकिनीबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा तापाने लाल झाला होता, अंगाला कापरं भरलं होतं, पण त्या हसत होत्या.

"आलीस," त्या म्हणाल्या.

अर्पणाने चादर बाजूला केली. नळी आणि पिशवी यांच्यातला सांधा सुटून पुन्हा वेडावाकडा बसवलेला होता. नळी जंतूंच्या खुणा पुसू शकत होती, पण बोटांवरून थेट आत गेलेल्या घाणीपुढे तिचं काही चाललं नव्हतं.

"हा कुणी उघडला, मावशी?"

मंदाकिनीबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "मीच उघडत होते. रोज थोडा थोडा. दिवा काही लाल होत नव्हता मेला."

"काहून केलं असं? जिवावर बेतलं असतं ना!"

"तूच म्हणाली होतीस नं, लाल झाला की येते म्हणून."

अर्पणाने हात धुतले, हातमोजे घातले आणि डॉक्टर निंभोरकरांना बोलावलं. ते पडद्यावर दिसले. त्यांनी लघवी तपासायला पाठवायला सांगितलं, प्रतिजैविक सुरू करायला सांगितलं आणि नळी बदला म्हणाले.

"बदलायची की काढायची, सर? शस्त्रक्रिया होऊन इतके आठवडे झाले. नळी अजून आत का आहे?"

डॉक्टरांनी जुन्या नोंदी चाळल्या. "दिवा हिरवा होता. कुणी विचारलंच नाही." मग हळू आवाजात म्हणाले, "काढा. पण सिस्टर, प्रत्येक वेळी त्यांना संडासापर्यंत न्यायला माणूस लागेल."

"मी नेईन."

तिने नळी काढली. संध्याकाळपर्यंत मंदाकिनीबाईंना लघवी झाली नाही. इतके दिवस काम नसल्यामुळे मूत्राशय सुस्तावला होता. आता पुन्हा नळी घालावी लागते की काय, अशी दोघींना धास्ती वाटू लागली. शेवटी अर्पणाने वॉकर आणला, त्यांना उभं केलं आणि काखेत हात घालून एकेक पाऊल चालवत संडासात नेलं. तिथला नळ तिने बारीक सोडून ठेवला. पाणी पडत राहिलं. अर्पणा दाराबाहेर पाठ करून उभी राहिली आणि मंदाकिनीबाई आतून ट्रंककॉलच्या जमान्यातल्या गमती सांगत राहिल्या. नागपूरचा एक जावई रोज सासऱ्याला रागवायला फोन लावायचा आणि लाइन जुळली, की नमस्कार करून खाली ठेवायचा. सांगता सांगता त्या अचानक थांबल्या, आणि मग खुदकन हसल्या.

"झाली गं!"

अर्पणाने डोळे पुसले. एवढ्याशा गोष्टीसाठी आपल्याला रडू यावं, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

ताप उतरायला बरेच दिवस लागले. एक दिवस तर मंदाकिनीबाई बरळत होत्या, कुणाकुणाच्या लाइनी जोडत होत्या. अर्पणा देखरेख कक्षातून जमेल तेव्हा वर येत राहिली. इतर खोल्यांतल्या नळ्यांबद्दलही तिने डॉक्टरांना एकेक करून विचारायला सुरुवात केली. बऱ्याच नळ्यांना आता काहीच कारण उरलेलं नव्हतं. डॉक्टर निंभोरकर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण सगळ्या काढल्या तर एवढ्या लोकांना उठवायला, बसवायला माणसं कुठून आणायची?" नळी बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरकडे उत्तर तयार होतं. पुढच्या नळीच्या सांध्याला कुलूप असेल, पेशंटला तो उघडता येणार नाही.

एका सकाळी अर्पणा सातव्या खोलीत आली, तर पलंग रिकामा होता. तेवढ्यात संडासाचं दार उघडलं आणि मंदाकिनीबाई वॉकर टेकत, कुणाच्याही आधाराशिवाय बाहेर आल्या. पलंगापर्यंत चालत गेल्या, बसल्या, आणि विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं. मग तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून सावकाश ओसरला.

"आता मला काहीच झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मग तू कशाला येशील?"

अर्पणाने स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली. भिंतीतला आवाज अदबीने म्हणाला, "सिस्टर, या खोलीतल्या पेशंटची तब्येत उत्तम आहे. तुमच्या थांबण्याचं कारण काय नोंदवू?"