काचेखालचा हात

आल्माती शहरात थंडी ओसरू लागली की रस्त्याकडेच्या पाटांतून डोंगराचे पाणी खळाळू लागते आणि तळघरांच्या भिंतींना ओल सुटते. त्या ओलीच्या धास्तीनेच रौशान त्या सकाळी कलासंग्रहालयाच्या तळघरात उतरली. काम साधेच होते. एक जुने यंत्र कोरड्या जागी हलवायचे, आणि हलवण्यापूर्वी त्यातले चालते चित्र नव्या यंत्रात उतरवून घ्यायचे.

हाच तिचा व्यवसाय होता. तिचे सहकारी जुन्या चित्रांवरचे रंगाचे पोपडे बसवीत, भंगलेले पुतळे सांधीत. तिच्या वाट्याला संगणकावर घडलेल्या कलाकृती आल्या होत्या. दगड म्हातारा व्हायला शतके लागतात, ही यंत्रे मात्र माणसाच्या अर्ध्या आयुष्यातच मुकी होतात. त्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात आणि नव्या यंत्राला जुन्याची बोली कळेनाशी होते. कुडी पडायला टेकलेली आणि प्राण तिच्यातच अडकलेला, अशी ती अवस्था. तो प्राण अलगद उचलून दुसऱ्या कुडीत नेऊन ठेवणे, हे रौशान भक्तिभावाने करी. आणि एका कुडीवर ती कधी विसंबत नसे. एकच प्रत असली तर ती नसल्यातच जमा, असे त्या व्यवसायातले जुने सांगणे आहे.

ती कलाकृती म्हणजे एक बुटके गोल मेज होते. मध्ये काच, काचेखाली उताणा निजवलेला पडदा, आणि कडेला बसणाऱ्यांसाठी पितळी चकत्या. चकतीवर तळवा ठेवला की समोर काचेखाली एक रिकामा वाडगा उमटे. मग काळ्या मखमली बाहीतला एक म्हातारा हात पडद्याच्या कडेने येई, वाडग्यात दुधाचा चहा ओती आणि मागे सरे. तळवा उचलला की वाडगा रिता, पुन्हा ठेवला की हात पुन्हा येई. कंटाळा नाही, नकार नाही.

दुइसेन नावाच्या चित्रकाराने नव्वदच्या दशकात ते घडवले होते. हात त्याच्या आईचा, बातिमाचा. दिवसभर तिला चहा ओतायला लावून त्याने त्या हाताची एकेक हालचाल टिपली होती. चेहरा तिने टिपू दिला नाही. म्हणाली होती, "तोंड नको रे. हाताचं काय, हात तर आल्यागेल्या सगळ्यांनी पाहिलाय." मेज लोकांपुढे मांडले जाण्याआधीच ती गेली.

यंत्रांची जाण असलेला येल्दोस रौशानच्या हाताखाली काम करी आणि तिला आपा, म्हणजे ताई, म्हणे. त्याने पहिली प्रत उतरवली आणि नव्या मेजावर लावून तिला हाक मारली.

"या आपा, बसा. गरमागरम आहे."

रौशानने तळवा टेकला. घारीने झडप घालावी तसा हात आला, चहाची धार कोसळली, वाडगा काठोकाठ भरला आणि हात दिसेनासा झाला.

"अरे गाढवा!" रौशानला हसू आवरेना. "काठोकाठ? ही तर पाहुण्याला चालते व्हा म्हणतेय!"

आल्मातीच्या कोणत्याही घरात हेच समजले गेले असते. वाडगा अर्धाच भरायचा, म्हणजे पाहुण्याने पुन्हा मागावा आणि यजमानिणीने पुन्हा द्यावा. भरलेला वाडगा म्हणजे निरोप. दुइसेनने जुन्या यंत्राच्या संथपणावर मापून ती धार बेतली होती. नवे यंत्र शतपटीने चपळ, त्यात ती धार बेभान झाली होती.

"राहू द्या की अशीच," येल्दोस म्हणाला. "घरी नेतो. परवा सासूबाई यायच्यात."

दोघांनी नव्या यंत्राला लगाम घातला. हात शांत झाला, वाडगा अर्ध्यावर थांबू लागला. तेव्हा रौशानने त्या चित्रकाराला, आता म्हाताऱ्या झालेल्या आणि सगळे आदराने आगा म्हणत त्या दुइसेनआगांना, बोलावणे धाडले, कारण कलावंत हयात असेल तर 'हे तेच आहे' असे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती कोणतीही प्रत खरी मानीत नसे.

दुइसेनआगा काठी टेकीत, एक एक पायरी उतरत आले. सुनेने दिलेली बौर्साकांची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पुडी त्यांनी येल्दोसच्या हातात कोंबली. त्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर वेगळेच तेज असे. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. त्यांच्या प्रदर्शनांना कधी कुणी फिरकले नव्हते. आणि आता संचालिकाबाईंनी ठरवले होते की नौरीझच्या, वसंतातल्या नववर्षाच्या, सणाला हे मेज महाजालावर खुले करायचे. ज्याला वाटेल त्याने, जगात कुठेही, आपल्या फोनच्या काचेवर तळवा ठेवावा. भित्तिपत्रकेसुद्धा छापून आली होती.

"मरायच्या आधी जगानं एकदा माझ्या आईच्या हातचा चहा घ्यावा, पोरी," ते म्हणाले. "दुसरं काय हवंय मला?"

जुने मेज आणि नवे मेज शेजारी शेजारी मांडले होते. आगा जुन्यापाशी बसले, रौशान नव्यापाशी. दोघांनी एकदमच तळवे टेकले आणि दोन वाडगे उमटले.

हात रौशानकडे आला. सावकाश, अदबीने त्याने चहा ओतला. जुन्या मेजावरचा वाडगा रिकामाच होता. हात मागे सरला. थोडा वेळ गेला. मग तोच हात जुन्या मेजाच्या काचेखाली आला आणि त्याने आगांचा वाडगा भरला.

"जुनं यंत्र अडखळतंय," येल्दोस पुटपुटला. "पुन्हा ठेवा."

पुन्हा तेच झाले. एका काचेखाली हात असला की दुसरी रिकामी. तळवे कितीही एकदम टेकवले तरी दोन्हीकडे एकाच वेळी हात दिसेना. येल्दोसने मेजांखाली वाकून पाहिले. "जोडलेली नाहीत आपा... एक तारही नाही मधे."

"आधी पाहुणी, मग घरचा," दुइसेनआगा हळूच म्हणाले. "रीतच होती तिची." ते हसले नाहीत.

जुन्या यंत्राचा पंखा घरघरत होता. भिंतीतून ओल पाझरत होती, तरी तळघराला आता निराळाच वास येऊ लागला होता. उकळत्या दुधाचा, आणि चहाच्या सामोवारात जळणाऱ्या काटक्यांचा.

"वर कुणी शेगडी पेटवलीय का?" येल्दोसने विचारले. वरच्या मजल्यावर शेगडी नव्हतीच, आणि ते त्यालाही ठाऊक होते.

रौशानने नवे मेज ओढत ओढत तळघराच्या पार दुसऱ्या टोकाला नेले. मग पुन्हा तळवे टेकले. हात तिच्याकडे आला, ओतून सरला. आगांच्या वाडग्याशी पोचायला त्याला या वेळी बराच अधिक वेळ लागला. मधले अंतर जितके वाढले होते तितकाच. एखादी म्हातारी बाई उठून, भिंतीचा आधार घेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाईल, इतका.

"येल्दोस," ती म्हणाली, आणि आपला आवाज आपलाच नाही असे तिला वाटले, "एक प्रत घे. अंगणापलीकडच्या कार्यशाळेत जा, तिथल्या स्पर्शपडद्यावर लाव. फोन सुरू ठेव."

तो गेला. फोनमधून त्याची पावले ऐकू येत होती, मग दार, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. रौशानने तळवा टेकला. हात आला, अर्धा वाडगा भरला, बोटे काचेच्या कडेशी क्षणभर रेंगाळली आणि बाही अंधारात मागे ओढली गेली.

"गेली इथून," ती फोनमध्ये म्हणाली.

"इकडे काही नाही, आपा... मी तळवा ठेवून बसलोय..."

तळघराच्या झरोक्यातून अंगण दिसत होते. स्वच्छ दुपारचे ऊन होते, पाटाचे पाणी चमकत होते. अंगणात चिटपाखरू नव्हते. रौशान तरीही डोळे लावून पाहत राहिली आणि काही दिसू नये म्हणून मनोमन देवाचे नाव घेत राहिली.

"अजून नाही?" तिने विचारले.

"नाही... थांबा..."

"जिन्यापाशी टेकली असेल," दुइसेनआगा म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "गुडघे धरायचे तिचे."

"आपा..." येल्दोसचा आवाज एकदम खाली आला. "आला. आत्ता आला हात. पण... थरथरतोय. चहा बाहेर सांडला. आपा, असं चित्र त्यात नव्हतं. मी एकेक चित्र पाहिलंय... नव्हतं."

"तळवा उचल," आगा ओरडले. इतक्या मोठ्याने की रौशान दचकली. "उचल तळवा! बसू दे तिला!"

आगांनी डोळे उघडले.

"मी समजत होतो, तिचं चित्र ठेवलंय मी," ते म्हणाले. "मी तिलाच ठेवलं. पाहुणा दारात आला आणि ती उठली नाही असं आयुष्यात कधी झालं नाही. ताप असला तरी उठायची. आणि आता नौरीझला... किती जण तळवा ठेवतील गं, पोरी?"

रौशानने आकडा मनात मांडून पाहिला. तिच्या डोळ्यांपुढे अफाट काळोखात पसरलेली काचांची रांग उभी राहिली. प्रत्येक काचेपुढे एक हसरा, निष्पाप पाहुणा, आणि त्या सगळ्यांमधून बाही सावरीत, गुडघे धरीत, कुणालाही नाही न म्हणणारी एक बाई चाललेली. जतन करायचे म्हणून आपण प्रती वाढवल्या. जिला वाचवायला निघालो तिलाच दारोदार राबायला लावले.

"आगा," ती म्हणाली, "तुमच्या परवानगीशिवाय ते खुलं करता येत नाही. पण तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा कुणी विचारणार नाही तुम्हाला. ही एकच संधी आहे."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. खिशातून त्यांनी त्या छापील भित्तिपत्रकाची घडी काढली. त्यावर त्यांचे नाव ठळक अक्षरांत होते. ती त्यांनी उलगडली, एकदा पाहिली आणि पुन्हा घडी करून येल्दोसच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. "चल, बाईंकडे जाऊ."

संचालिकाबाई चिडल्या. "म्हातारपणी लहर फिरली का तुमची? सगळ्या शहराला सांगून बसलेय मी! कारण तरी द्या काहीतरी."

"आई दमली माझी," दुइसेनआगा म्हणाले.

बाई रौशानकडे पाहू लागल्या. रौशानने मान खाली घातली नाही. "कलावंताचा शब्द अखेरचा असतो, बाई," एवढेच ती म्हणाली. त्या दिवसापासून बाई तिच्याशी कामापुरतेच बोलल्या.

येल्दोसने रौशानच्या देखत नव्या मेजातली सोडून बाकी सगळ्या प्रती पुसल्या. आपत्तीसाठी म्हणून एकच प्रत तिजोरीत मोहोरबंद करून निजवली, कारण न चालणारी प्रत कुणाला हाक मारीत नाही. जुन्या यंत्राची तबकडी वसंतातच थांबली आणि ते कायमचे मुके झाले. मग वरच्या लहान दालनात ते एकच नवे मेज मांडले गेले, एकाच पाहुण्यासाठी एकच चकती ठेवून. दुपारी ते बंद असे. काहीजण हसत, पण रौशानने तो विसाव्याचा नियम मोडू दिला नाही. हात पुन्हा शांत झाला. थरथर गेली. आगा अधूनमधून येत, तळवा न ठेवता नुसते बसत, उठताना दोन्ही तळवे उघडून दुआ मागत आणि चेहऱ्यावरून फिरवीत. त्यांना पाहिले की रौशानला वाटे, एकदा तरी आपल्या हातून खरे जतन घडले.

जुलै आला. जर्दाळू पिकून पदपथांवर फुटू लागले, दालनाच्या खिडक्या दिवसभर उघड्या राहू लागल्या. एका सकाळी आगा आले, आणि कोण जाणे का, त्या दिवशी म्हणाले, "आज एक वाडगा घेतो तिच्या हातचा." त्यांनी तळवा टेकला.

वाडगा उमटला. हात आला नाही.

ते वाट पाहत राहिले. रौशान जवळ येऊन उभी राहिली. दालनात दुसरे कुणी नव्हते, जगात दुसरे मेज नव्हते. तरीही वेळ जात राहिला. तळघराच्या टोकापर्यंत लागला होता त्याहून कितीतरी अधिक, अंगणापलीकडे लागला होता त्याहूनही अधिक, इतका की आगांचा तळवा पितळेवर ओला झाला.

मग हात आला. हळूहळू आला, काचेच्या कडेला टेकत. धार वाडग्यात पडण्याआधी दोनदा हुकली.

"आगा..." रौशान कुजबुजली. "तिच्या बाहीवर..."

"मी ते काढलेलं नाही," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी रौशानने तिजोरी उघडली. मोहोर शाबूत होती. एकही प्रत आपण बाहेर जाऊ दिली नाही, अशी येल्दोसने मुलांची शपथ घेतली. पण ते सारे नंतरचे. त्या घटकेला ती दोघे नुसती काचेकडे पाहत होती. खिडकीतून जर्दाळूंचा गोड, उन्हाने तापलेला वास येत होता, आणि काचेखाली त्या काळ्या मखमली बाहीवर खांद्यापर्यंत साचलेला ताजा बर्फ सावकाश वितळत होता.