भिंतीची जवारी

‘टिटवी’ मंगळाच्या वाटेला लागून त्रेसष्ट दिवस झाले होते आणि गेले चार दिवस ती गळत होती. गळती इतकी बारीक की कानाला ऐकू येईना, डोळ्याला दिसेना. फक्त दाबमापकाचा शेवटचा आकडा दर पाच-दहा मिनिटांनी एकेकाने खाली यायचा. एवढ्या हवेवर मंगळ गाठता येणार नव्हता. आज दुपारी बारा वाजता ‘परतबिंदू’ होता. त्याच्या आत भेग सापडून बुजली नाही तर यान माघारी वळवायचं, असा पृथ्वीवरून हुकूम आला होता.

माघारी वळणं यानातल्या सहाही जणांना जड जाणार होतं, पण डॉ. इंद्रायणी लोटलीकरांचं सगळंच संपणार होतं. यानाचा धातू त्यांचा, भिंतीचा आराखडा त्यांचा आणि वय अठ्ठावन्न. पुढची मोहीम सहा वर्षांनी होती. तेव्हा त्यांना कोण नेणार? चार दिवस त्या ‘भेगशोधक’ हातात धरून इंच इंच भिंत तपासत होत्या आणि येईल त्याच्यावर डाफरत होत्या. आपल्याच कामातली खोट शोधायची वेळ आली की भल्याभल्यांचा तोल जातो.

अशा वेळी विद्युत-तंत्रज्ञ नसीमा मुल्ला सामानघरात गिटार वाजवत होती. तिचा तरी काय दोष? तिच्या सगळ्या तारा तपासून झाल्या होत्या आणि ‘मधे मधे करू नकोस’ असं लोटलीकर बाईंनी तिला दोनदा सुनावलं होतं. खासगी सामानाच्या दीड किलोच्या मर्यादेत गिटारचा नुसता दांडा आणि तारा बसल्या होत्या. तो दांडा तिने आज सकाळीच पहिल्यांदा यानाच्या एका फासळीला चिमट्यांनी आवळला होता. भिंतच तिचा भोपळा! चार फासळ्या पलीकडे एक ‘कंपनटिकली’ चिकटवली होती. भिंतीची थरथर ती टिकली पकडायची आणि तारेवाटे कर्ण्याकडे पाठवायची.

मग टिकली आणि कर्णा यांच्या मधल्या तारेवर तिने ‘सूरमोड्या’ जोडला. लोणच्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा, त्यात एक ट्रान्झिस्टर, दोन डायोड, एक खटका. स्वच्छ सूर आत गेला की डायोड त्याचे शेंडे छाटतात आणि बाहेर येतो तो गुरगुरत. खटका पायाने दाबायचा, पण वजनरहित यानात पाय दाबला की माणूस छताला लागतो, म्हणून डबा भिंतीला चिकटवून ती अंगठ्याने दाबत होती.

तिने खटका दाबला, तार छेडली. कर्ण्यातून असा काही दणदणीत, काटेरी सूर निघाला की ती स्वतःच खूश झाली. पहिल्याच फटक्यात जमलं! मग तिने खटका बंद केला आणि पुन्हा तार छेडली.

तीच गुरगुर. जराही फरक नाही.

खटका अडकला असेल म्हणून तिने डबाच काढून टाकला आणि टिकली थेट कर्ण्याला जोडली. तरीही गुरगुर तशीच! तिने कर्णा बदलला, टिकली बदलली, तारा बदलल्या. मग ती एकदम लोटलीकर बाईंकडे झेपावली.

“बाई, भिंत जवारी देते का ओ?”

“काय देते?”

“जवारी! आमचे अब्बा मिरजेत तंबोऱ्याला जवारी लावतात. तारांखालची घोडी अशी घासायची की तार तिला टेकायची, सुटायची, टेकायची, सुटायची. त्यानं साधा सूर झणझणतो बघा. माझा सूर डबा काढला तरी तसाच गुरगुरतोय. भिंतीत असं टेकणारं-सुटणारं काय असंल?”

लोटलीकर बाई ओरडणार होत्या. तोंड उघडलंही होतं. ते तसंच उघडं राहिलं.

“भेग,” त्या हळूच म्हणाल्या. “मिटलेली भेग. कंपनाने दाब आला की तिचे ओठ टेकतात, लाट पार जाते. ताण आला की ओठ सुटतात, लाट अडते. म्हणजे लाटेची एक बाजू छाटली जाते.”

“म्हणजे भेगच सूरमोड्या!”

“आणि माझा भेगशोधक फक्त एवढंच बघतो, की पाठवला तोच सूर भेगेवर आपटून परत येतो का. मिटलेल्या भेगेतून तो सरळ पार जातो. नवे सूर येत असणार, पण ते गोंगाट म्हणून गाळून टाकायची चाळणी मीच बसवली आहे.” त्यांनी कपाळावर हात मारला. “मूर्ख बाई! चल, तार छेड!”

काम सोपं होतं. दांडा आणि टिकली यांच्यामध्ये भेग असेल तरच सूर गुरगुरणार. नसीमा छेडत राहिली आणि लोटलीकर बाई टिकली एकेक फासळी अलीकडे आणत राहिल्या. चौथ्या फासळीवर गुरगुर. तिसऱ्या फासळीवर गुरगुर. दुसऱ्या फासळीवर सूर धुतल्यासारखा स्वच्छ झाला.

दुसरी आणि तिसरी यांच्यामधलं अस्तर त्यांनी सोललं. उघड्या डोळ्याला तरीही काही दिसेना. बाईंनी रंगद्रव लावून पुसला, तेव्हा बोटभर लांबीची केसाएवढी रेघ उमटली. भेगेत संधिलेप भरला, वर पत्रा बसवला. लेप वाळू दिला.

अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी टिकली पुन्हा चौथ्या फासळीवर लागली. नसीमाने तार छेडली. कर्ण्यातून सरळ, निर्मळ सूर आला. दाबमापकाचा आकडा पाव तास हलला नाही.

कप्तान गावंडे यांनी पृथ्वीला एकच वाक्य पाठवलं, “टिटवी वळणार नाही.” मग सहाही जण हवेत गिरक्या घेत एकमेकांच्या गळ्यात पडले. लोटलीकर बाई हसत होत्या आणि रडतही होत्या. त्यांना मंगळ दिसणार होता.

“आता तुझा तो डबा जोड,” कप्तान म्हणाले. “होऊ दे गुरगुर, कानठळ्या बसेपर्यंत!”

नसीमाने सूरमोड्या जोडला, ऐटीत खटका दाबला, तार छेडली. स्वच्छ सूर. पुन्हा दाबला. पुन्हा स्वच्छ.

तिने डबा उघडला आणि ती लाल झाली. दोन्ही डायोडांची एक बाजू अधांतरी होती. सोल्डर करायचीच राहून गेली होती.

“म्हणजे हा सकाळपासून कधी चाललाच नव्हता!”

लोटलीकर बाईंनी डबा हातात घेऊन नीट न्याहाळला. “चालला असता,” त्या म्हणाल्या, “तर खटका बंद केल्यावर आवाज कमी झाला असता. तू म्हणाली असतीस, ‘छान जमलं, उरलेली खरखर माझ्या कच्च्या कामाची.’ मग डबा कोणी काढला असता? आणि बारा वाजता आपण वळलो असतो.”

संध्याकाळच्या संदेशात पृथ्वीने विचारलं होतं, भेग कोणत्या उपकरणामुळे सापडली? लोटलीकर बाईंनी उत्तर लिहिलं: “न चालणाऱ्या.”