शेजारची जागा

मिस्सा सुरू व्हायला पाच मिनिटं उरली होती, आणि चर्चमधल्या डावीकडच्या बाकांवर अजून एकही माणूस नव्हतं. येणारही नव्हतं. बाकांच्या पाठीवर ओळीने नावांच्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीखाली बटणाएवढा दिवा. घरोघरी अंथरुणाला खिळलेली माणसं पडद्यासमोर टेकली की इथे त्यांचे दिवे लागायचे आणि बाकांतून त्यांचे आवाज यायचे.

इनेस तिसऱ्या बाकापाशी थबकली. ‘ब्रिजित मच्याडो’ ही पट्टी काढून टाकलेली होती. स्क्रूची दोन भोकं तेवढी राहिली होती. आई जाऊन महिना झाला होता; आज तिच्यासाठी महिन्याची मिस्सा. इनेस त्याच जागी बसली.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई दोन वर्षं या जागेवर, पण घरून, बसत होती. आणि इनेस तिच्या शेजारी, पुण्याहून. ही जागा आईनेच मागून घेतली होती. “माझ्या पोरीची पट्टी माझ्या बाजूला लावा, लांब नको,” असं तिने फादरांना बजावलं होतं. पडद्यावर मिस्सा दिसायची आणि हाताखाली असायची स्पर्शगादी, पंजा आत सरकवता येईल एवढी, उशीसारखी मऊ. मिस्सेत शेजाऱ्याचा हात धरून एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की एका घरातल्या हाताची ऊब आणि दाब ती दुसऱ्या घरातल्या गादीत पोचवायची. वसईच्या या गावात तिला नुसती गादीच म्हणत.

फादर वेदीपाशी आले. सगळे उभे राहिले. पहिल्याच प्रार्थनेला इनेसचं बोट स्क्रूच्या भोकांवर गेलं. तिने ओठ मिटून घेतले.

“आमेन,” तिच्या शेजारून तिचाच आवाज आला.

इनेसने दचकून पाहिलं. शेजारच्या पट्टीवर तिचं नाव होतं, आणि दिवा लागलेला होता.

पुण्यातलं घर कुलूपबंद होतं. किल्ली तिच्या पर्समध्ये होती. तरीही बाकातून तिचा आवाज स्पष्टपणे, मनापासून म्हणाला, “हे प्रभो, आमच्यावर दया कर.” पुढच्या बाई मागे वळल्या, त्यांनी इनेसचे मिटलेले ओठ पाहिले आणि घाईघाईने पुन्हा वेदीकडे तोंड केलं.

मग इनेसला छाया आठवली. पन्नास घरांतले आवाज चर्चमध्ये पोचायला पन्नास वेगवेगळे उशीर होतात. एकेक आमेन मागून रेंगाळत आलं तर प्रार्थनेचा नुसता कलकलाट होईल. म्हणून यंत्र प्रत्येकाचा आवाज शिकतं, तो कधी काय म्हणेल याचा अंदाज बांधतं आणि शब्द नेमक्या क्षणी उच्चारतं. या अंदाजालाच छाया म्हणत. हाताचंही तसंच. माणूस उठून गेलं तर दोन मिनिटांत छायाही थांबते. पण सेटिंगमध्ये एक ओळ आहे, ‘खंड पडल्यास छाया चालू ठेवा.’ ती निवडली की समोर माणूस नसलं तरी छाया दर रविवारी आपोआप हजर होते. दीड वर्षापूर्वी एका रविवारी ऑफिसचं काम आलं, तेव्हा इनेसने त्या ओळीवर बोट टेकवलं होतं. आईला एकटं वाटू नये म्हणून. पुढे आणखी एका रविवारी काम आलं, मग आणखी एका. ती ओळ बंद करायचं राहूनच गेलं.

आईच्या शेवटच्या रविवारी इनेस आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होती. मंगळवारी पहाटे फोन आला. तेव्हापासून महिनाभर ती स्वतःची समजूत घालत होती, की त्या रविवारी आईचा हात गादीत तरी होता. कोणाच्या हातात होता, हे तिने मनाला विचारलं नव्हतं.

मिस्सा संपल्यावर ती आवारात पास्कूमामांची वाट पाहत थांबली. मामा म्हणजे आईच्या शेजारचे. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दर रविवारी गळ्यात ख्रिस्तप्रसादाची चपटी डबी अडकवून बारा घरं पायी फिरायचे. आवाज तारेतून जातो, ऊबही जाते. प्रसाद जात नाही. तो पोचेपर्यंत घरच्या गाद्यांची जोडणी चालू ठेवायची गावात रीत होती.

“आज दोन दोन इनेस आल्या होत्या की गो!” मामा म्हणाले.

“मामा, आईला माहीत होतं?”

“काय?”

“की कधीकधी मी नसायचे.”

“कधीकधी?” मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “पहिल्याच रविवारी ओळखलं तिने. मी प्रसाद घेऊन गेलो तर म्हणते, पास्कू, आज इनेस नाही. म्हटलं, कशावरून? आवाज तर तिचाच. तर म्हणाली, इनेस हात एवढा वेळ धरत नाही.”

इनेसने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

“छाया आपणहून सोडत नाही ना,” मामा हळूच म्हणाले. “समोरच्याने सोडला की मगच सोडते. तुझं आपलं लहानपणापासून तसंच. शांती दिली न दिली की हात सोडवून पळायचीस.”

“मग आई सोडायची?”

“कुठली सोडते! मी डबी उघडून ताटकळत उभा. म्हटलं, ब्रिजित, सोड आता. तर म्हणे, थांब रे, कधी नाही ते धरलाय पोरीने.” मामा हसले, पण हसू मध्येच अडकलं. “मी म्हटलं, अगं मशीन आहे ते. म्हणाली, असेल मशीन. पण शिकलंय कोणाकडून?”

“शेवटच्या रविवारी...?”

“तेव्हाही तसंच. आणि मला दम दिलेला, तिला सांगशील तर माझ्या मयताला येऊ नकोस. मयताला जाऊन आलो. आता सांगितलं.”

इनेसने फोन काढला. ती ओळ सापडायला वेळ लागला नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘छाया बंद केल्यास शिकलेला आवाज व स्पर्श कायमचा पुसला जाईल.’ आईने शेवटी धरलेला हात होता तो. तिने फोन पुन्हा पर्समध्ये टाकला.

“चल माझ्याबरोबर,” मामा म्हणाले. “ऊन चढायच्या आत निघू. पाण्याची बाटली तू घे.”

केळीच्या वाडीतून वाट काढत ते पहिल्या घरी पोचले. लाल लुगड्यातल्या पेत्रीनबाय खाटेवर टेकून बसल्या होत्या. उजवा हात गादीत होता. गादीच्या पलीकडे, आखातात दोहाला, त्यांचा मुलगा.

“उशीर केलास, पास्कू.”

“हिच्यामुळे. ब्रिजितची इनेस.”

पेत्रीनबायला नीट दिसत नव्हतं. त्यांनी डावा हात पुढे केला. इनेसने तो धरला.

“गार आहे गो तुझा हात!” त्या म्हणाल्या. “म्हणजे खरी आहेस. गादीतला कधी गार नसतो.”

मामांनी प्रार्थना म्हणून प्रसाद दिला. पेत्रीनबाय डोळे मिटून बसल्या. इनेसची बोटं सवयीने सैल झाली; तिच्या ते लक्षात आलं आणि तिने पुन्हा घट्ट धरलं. खाटेखाली मांजर अंग चाटत होतं. म्हातारीच्या तळव्याची कातडी कागदासारखी पातळ होती आणि मनगटात नाडी उडत होती, मध्येच एखादा ठोका चुकत. हे सगळं आईच्या हातातही असणार. गादीत ते कधी कळलंच नव्हतं.

“जा आता, बाय,” बऱ्याच वेळाने पेत्रीनबाय म्हणाल्या आणि त्यांनीच हात सोडला. “अजून अकरा घरं आहेत.” दुसरा हात मात्र त्यांनी गादीतच राहू दिला.

मामा पुढे चालू लागले. इनेस अंगणात थांबली आणि तिने फोन पुन्हा बाहेर काढला. पुण्याचं घर कुलूपबंद होतं, पण छायेत तिचाच हात अजून उबदार होता. पुढच्या रविवारी साडेसातला तो पुन्हा पुढे होणार होता. समोरच्याने सोडल्याशिवाय सोडायचं नाही, एवढंच त्याला माहीत होतं. आणि आईने तर तो सोडलाच नव्हता.

इनेसचं बोट त्या ओळीवर थांबलं. आता सोडायचं कोणी?