लालीबाईची ग्रेड

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझा पदर त्यांच्या हातात होता.

लगेच भलतंसलतं मनात आणू नका. भरदिवसा, चाळीस माणसांच्या देखत घडलेली गोष्ट आहे. पण जरा आधीपासून सांगते.

सत्त्याऐंशी सालचा जानेवारी होता. कापसाचे भाव पडलेले, आणि दिग्रसच्या खरेदी केंद्रापुढे बैलगाड्यांची रांग इतकी लांब की तिचं शेपूट पार गावाबाहेर. त्या शेपटाशी आमची फियाट अडकली. आमची म्हणजे बाबांच्या एका स्नेह्याची. बाबा यवतमाळच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात मोटार शिकले. त्यांच्या शिकण्यावर आईचा इतका विश्वास, की ती सकाळच्या एसटीने एकटीच पुसदला पुढे निघून गेली होती.

पुसदला मला दाखवायला नेत होते. खरं तर मुलाकडच्यांनी यायचं, पण मुलाच्या आजीला अंथरुणातून उठवत नव्हतं आणि नातसून तिला स्वतः पाहायची होती. मुलगा बँकेत. मी सव्वीस वर्षांची. आमच्याकडे तेव्हा सव्वीस म्हणजे... जाऊ द्या. बाबा होकार जवळजवळ खिशात घालूनच निघाले होते. माझं मत कोणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही ते स्वतःला विचारलं नव्हतं.

अकरा वाजता बाबांना भूक लागली. एका गाडीवानाने शेजारच्या तांड्याकडे बोट केलं.

"याडीकडे जा ना जी. घरच्यावानी जेवाले भेटते."

याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत आई. रांगेतली माणसं लालीबाईला सरसकट याडीच म्हणत. तिच्या हॉटेलाला ना पाटी, ना टेबल-खुर्ची. सारवलेलं अंगण, दोन चुली, आणि चहाच्या पातेल्याशी मुका बसलेला तिचा नवरा धावजी. रांगेत खोळंबलेल्या कोणीतरी एकदा भाकर मागितली, तिने दिली. दुसऱ्या दिवशी चाळीस जण आले. असं ते हॉटेल सुरू झालं होतं.

आम्ही पंगतीला बसलो. माझ्या शेजारी एक चष्मेवाला तरुण होता, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला दोन माणसांची जागा रिकामी. इतक्या दाटीत ती जागा कोणी घेत नव्हतं. हात धुताना माझ्या पदराचं टोक भिजलं होतं. मी बसले आणि ते शेजारच्या चष्मेवाल्यांच्या गुडघ्यावर पडलं. त्यांचं लक्ष चुलीकडे. तिकडेच पाहत त्यांनी ते टोक उचललं, दोन अंगठ्यांमध्ये धरून ताणलं, आणि म्हणाले —

"लांब धागा. स्वच्छ आहे. ओलावा तेवढा जास्त."

चाळीस घास हातातच राहिले.

शांतता का झाली म्हणून त्यांनी मान वळवली. आधी पदर पाहिला. मग पदरामागे डोळे येत येत माझ्यापर्यंत पोचले... आणि ते कानांपासून लाल होत गेले.

"माफ करा... हाताला सवय आहे. मी केंद्रावर ग्रेडर आहे."

"मग?" मी म्हणाले. "घेताय, की परत पाठवताय?"

हे मी कशी बोलले ते मला आजही कळलेलं नाही. बाबांना ठसका लागला. पंगत मात्र खो-खो हसली, आणि त्या हसण्यात आमची सुटका झाली.

ग्रेडर म्हणजे कापूस हाताने ताणून, पाहून त्याचा दर्जा ठरवणारा माणूस. भाव त्यावरच ठरायचा, म्हणून त्यांच्या शेजारी कोणी बसत नव्हतं. नाव श्रीकृष्ण.

लालीबाईने मला वाढलं — तुरीच्या सोल्यांची भाजी, ठेचा, पापुद्रा सुटलेली गरम भाकर. मग त्यांच्यासमोर उभी राहिली. तिच्या हातातली भाकर करपलेली आणि कडक होती. तिने ती सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि दोन अंगठ्यांनी ताणायचा आव आणला.

"काळे डाग आहे. कचरा आहे. दोन नंबर," ती म्हणाली. "घ्या साहेब."

त्यांनी ती मुकाट्याने घेतली. महिन्यापूर्वी त्यांनी तिच्या कापसाला दुसरी ग्रेड लावली होती, आणि तेव्हापासून रोज त्यांच्या भाकरीलाही ग्रेड लागत होती, असं बाजूच्या म्हाताऱ्याने मोठ्या आनंदाने सांगितलं.

मी हळूच विचारलं, एकदा खोटं एक नंबर लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

"मागच्या गाड्यांना काय सांगितलं असतं?" ते म्हणाले. थोडा वेळ चावत राहिले. "दात मात्र हलायला लागलेत."

मी माझी भाकर मोडली. अजून उष्टी नव्हती. अर्धी त्यांच्या ताटात सरकवली. त्यांनी वर पाहिलं नाही, पण चष्मा उगीचच काढून पुसला. लालीबाईने ते पाहिलं आणि तोंड चुलीकडे फिरवलं.

दुपारी पुसद. मुलगा पॉलिएस्टरच्या सफारीत बसला होता. वीस मिनिटं तो त्याच्या शाखेतल्या ठेवींबद्दल बोलला. चहा देताना माझी बोटं त्याच्या बाहीला लागली, आणि माझे अंगठे आपोआप... मी हात मागे घेतला. ह्यात कापूस नावालाही नव्हता.

आजींनी पसंतीचं विचारलं. बाबांनी होकारासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हणाले, "आम्ही कळवू." आईच्या हातातला चमचा बशीत पडला.

आई परतीलाही एसटीनेच निघाली, ह्या वेळी रागाने. बाबांनी फियाट परत दिग्रसच्या रस्त्याला घातली. ऊन कलायला लागलं होतं. तांड्याचं वळण आलं तसा त्यांनी वेग कमी केला.

"मला भूक लागली आहे," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

श्रीकृष्ण अंगणात होते. चहा घेत होते. मला पाहून त्यांनी कप खाली ठेवला आणि हात पाठीमागे बांधले. सवयीची धास्ती. बाबा थेट चुलीपाशी गेले आणि कोर्टात साक्ष काढावी तसे उभे राहिले.

"बाई, हा माणूस कसा आहे? मला मुलगी द्यायची आहे. खरं काय ते सांगा."

अख्ख्या दिग्रसमध्ये बाबांना विचारायला हीच सापडली? महिनाभर त्यांना जळकी भाकर घालणारी?

लालीबाई भाकर थापायची थांबली. "खरं सांगू?"

"सांग," धावजी पातेल्याजवळून म्हणाला. मी त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. "कवापर्यंत लपवशीन?"

तिने पिठाचे हात झटकले.

"माहा कापूस ओला होता. वजनासाठी मीनंच पाणी शिंपडलतं. ह्यायनं हात लावला अन् समजून गेले. दोन नंबर लिहिलं, पण चारचौघात काहून ते बोलले नाही. महिनाभर करपलेली खाल्ली, तरी कोणाले सांगतलं नाही."

"मग तुम्ही त्यांना अशी भाकर कायले देत होता?" कोर्टातले बाबा एकदम वऱ्हाडीत घसरले.

"रोज समोर येऊन बसत ना जी. मले रोज शरम वाटे."

तिने तव्यावरची भाकर काढली. टम्म फुगलेली, पांढरी. ती त्यांच्यासमोर ठेवली आणि फक्त म्हणाली, "एक नंबर."

त्यांनी ती मोडली, आणि अर्धी माझ्यापुढे केली.

बाबा चुलीतला जाळ फार लक्षपूर्वक पाहू लागले. मी माझ्या पदराचं टोक पुढे धरलं.

"आता वाळलाय," मी म्हणाले. "पुन्हा पाहा."

त्यांनी दोन्ही अंगठ्यांत ते धरलं. ह्या वेळी ताणलं नाही. नुसतं धरून राहिले...

"परत पाठवत नाही," ते म्हणाले.

लग्नानंतर माझी पहिलीच भाकर करपली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटली, माझ्याकडे पाहिलं. ग्रेड लावताना हा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला, तो तेव्हा.

"एक नंबर," म्हणाले, आणि चावायला लागले.