राळ्याची वाट

चैत्रातली दुपार होती. धोंडुबाई दवाखान्याच्या पायऱ्या हळूहळू चढत होती. एका हातात पेजेचा तांब्या, काखेत गूळ-खोबऱ्याची पुरचुंडी. सून राहीबाई आदल्या दिवशी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. सून तरी कोण, तर धोंडुबाईच्या सख्ख्या भावाची लेक. मुलगा नाथाजी पलटणीत, लढाईवर, समुद्रापलीकडं. तिचा म्हातारा नवरा तात्याबा बाहेर निंबाखाली गाडी सोडून बैलांना वैरण घालत होता. एका बैलाच्या गळ्यातली घंटा चिरलेली होती, मान हलली की ती बद्द वाजायची.

कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठाला मिशनचा तो दवाखाना. उन्हाच्या कहरामुळं खिडक्यांना ओली गोणपाटं टांगलेली होती. आत पाऊल टाकलं की डोळ्यांना काही दिसायचं नाही. भर दुपारी अंधार, ओल्या तागाचा वास, त्यात फिनेलचा उग्र दर्प. धोंडुबाई दारातच थांबली. डोळे सरावेपर्यंत कान टवकारले गेले.

टिक... टिक...

कुठंतरी बारीक काहीतरी पडत होतं. पितळेच्या वाटीत कुणी दाणे निवडून टाकावेत तसं. "मागं कोणतरी जोंधळं निवडतंय," असं मनाशी म्हणून ती पुढं झाली.

राहीच्या खाटेपाशी गर्दी होती. बनुबाई आया लाल झालेली फडकी बादलीत टाकत होती. गोरी डॉक्टरीणबाई वाकली होती. आपल्याकडं वीस वर्षं राहून ती चांगलं मराठी बोलायची. राही उताणी पडली होती. ओठ पांढरेफटक, हाताची नखं निळी.

"पोरी!" धोंडुबाईच्या हातातला तांब्या कलंडला.

"रक्त वाहणं आता थांबवलंय," डॉक्टरीणबाई म्हणाली, "पण फार गेलंय. दुसऱ्याचं रक्त भरलं नाही तर ती संध्याकाळ बघणार नाही. घरचं कोण आहे?"

तात्याबाला आत बोलावलं. त्याचं बोट टोचलं. काचेच्या पट्टीवर त्याच्या रक्ताचा थेंब राहीच्या रक्तात कालवला. बघता बघता त्यात बारीक गुठळ्या झाल्या, नासलेल्या दुधासारख्या.

"हे चालणार नाही. असं रक्त तिला दिलं तर ती त्यानंच जाईल." डॉक्टरीणबाई वळली. "बाई, तुम्ही?"

धोंडुबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

तिला हा प्रश्न नवा नव्हता. तीन वर्षांमागं याच खोलीत, याच डॉक्टरीणबाईनं तो विचारला होता. तेव्हा खाटेवर होती साळूबाई. नाथाजीची पहिली बायको, माणदेशातल्या कोरड्या मुलखातली, गरिबाघरची पोर. मूल पोटातच गेलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. साळूनं सासूचा पदर धरला होता. "आत्याबाई, बगा की जमतंय का... नुसतं बोट तर टोचत्यात."

"लय दुखतं त्ये," धोंडुबाई म्हणाली होती. "रगत काढलेलं माणूस पुन्ना उठत न्हाई. गाडी जुंपा वं, घरला न्हेऊ हिला."

"नगं आत्याबाई, मला हितंच ऱ्हाऊ द्या..."

नदीच्या उतारापाशी साळूनं गाडीतच डोळे मिटले. धोंडुबाईनं तिला स्वतःच्या हातानं हिरवं लुगडं नेसवलं. बाळंतपणात गेलेली बाई घराकडं परत येते म्हणतात, म्हणून मसणवट्यापासून उंबऱ्यापर्यंत राळ्याचे दाणे टाकत आली. मोहरीएवढे ते पिवळे दाणे. एकूण एक दाणा वेचल्याशिवाय तिला उंबरा ओलांडता येत नाही, आणि कोंबडा आरवला की पुन्हा पहिल्यापासून वेचायचं. घराची वाट धोंडुबाईनं अशी बंद केली. पण जिथं राहू द्या म्हणून ती पोर रडली होती, त्या दवाखान्याची वाट मोकळीच राहिली. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"चल गं," तात्याबा म्हणाला. "गाडी जुंपतो. काय व्हायचं त्ये घरात हू दे."

टिक... टिक...

आता तो आवाज मागून येत नव्हता. खोलीतून येत होता.

धोंडुबाईनं मान वळवली. राहीची खाट आणि भिंत यांच्यामधल्या काळोखात कुणी बाई उकिडवी बसली होती. पाठमोरी. मोकळे केस फरशीला टेकलेले. चिमटीनं फरशीवरचं काहीतरी उचलायची आणि पुढ्यातल्या वाटीत टाकायची. वाटी अर्धी भरलेली होती. अंगावर हिरवं लुगडं होतं.

बनुबाई बादली घेऊन तिथूनच गेली, अगदी तिच्या अंगावरून. नुसते दंड चोळले तिनं. "बया, हितं गार का लागतंय गं? भाईर तर वणवा पेटलाय."

धोंडुबाईनं ते लुगडं ओळखलं. न्यायला आली. माझ्या भावाची लेक न्यायला आली...

"साळू," ती पुटपुटली, "हिला सोड गं... हिनं तुजं काय केलं न्हाई."

उचललेली चिमूट हवेतच थांबली. पाठमोऱ्या बाईनं तोंड फिरवलं नाही. नुसता डावा हात सावकाश बाजूला लांब केला. तळवा वर, कोपर उघडं. आणि हात तसाच धरून ती बसून राहिली.

राहीचा श्वास एकदा अडकला.

धोंडुबाईनं पदराखालचा हात बाहेर काढला. "डॉक्टरीणबाई... माजं बोट टोचा."

काचेवर दोन थेंब एकत्र झाले. सगळे वाकून बघत राहिले. गुठळी झाली नाही. कुंकवाच्या पाण्यासारखं रक्त एकजीव राहिलं.

तिला शेजारच्या खाटेवर निजवलं. दंडाला पट्टा आवळला. सुई बघून तिनं डोळे घट्ट मिटले. बनुबाई उशाशी बाटली घेऊन बसली. बाटलीच्या तळाला औषधाचं पाणी होतं, रक्त त्यात उतरत होतं आणि बनुबाई ती सारखी हलवत होती.

"हलीवलं न्हाई तर दह्यागत बसतंय बगा," ती सांगत होती. "मूठ मिटा, उगडा. आवं, थरथरताय कशापाई? सांजचं दूध काडलं म्हणून म्हस मरती व्हय? सकाळच्याला पुन्ना देतीच की."

"मी म्हस न्हाई गं बाई," धोंडुबाई डोळे न उघडता म्हणाली.

"नसंना. पर महिन्याभरात अंग भरून काडतंय सगळं. म्या सोता दिलंय."

बनुबाई हसली. मग बाटली भरत आली तशी ती उठून डॉक्टरीणबाईला बोलवायला दाराशी गेली.

तेवढ्यात उशाशी वास आला. ओल्या हळदीचा. आणि राखेचा. कानाच्या पाळीला गार वाफ लागली.

"आत्याबाई..."

धोंडुबाईनं डोळे उघडले नाहीत.

"...लय दुखतं का वं?"

मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. "न्हाई गं," ती म्हणाली. "मुंगी चावल्यागत. येवडंच... येवडंच व्हतं साळू."

उशाशी एक आवाज झाला. तो हसण्याचा होता की हुंदक्याचा, ते धोंडुबाईला पुढंही कधी कळलं नाही.

रक्ताची बाटली राहीच्या खाटेशी उंच टांगली. थेंब थेंब उतरू लागला. दिवस कलेपर्यंत तिच्या ओठांना रंग आला आणि तिनं पाणी मागितलं. धोंडुबाईला गुळाचं दूध पाजलं, पडून राहायला सांगितलं. सारा वेळ ती राहीच्या खाटेमागच्या काळोखाकडं बघत होती. तिथं कुणी नव्हतं.

राहीला आणि नातीला घेऊन ती घरी आली त्याला चार-सहा महिने झाले असतील. एका सकाळी उंबऱ्याबाहेर राळ्याचा एक दाणा पडलेला दिसला. त्या वर्षी त्यांच्या घरात राळा आलाच नव्हता. तिनं दाणा झाडून टाकला. सारवण करून उठते तर तो पुन्हा तिथंच.

तिनं पदर खोचला आणि दवाखान्याची वाट धरली. पोचली तर ओसरीवर एका कुंभाराची बायको निजवलेली, नखं निळी. डॉक्टरीणबाईनं धोंडुबाईकडं बघितलं आणि ती चकित झाली.

"आता तुमच्याकडंच माणूस धाडणार होते. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आलते अशीच," धोंडुबाई म्हणाली आणि हात पुढं केला.

तेव्हापासून तसंच चाललं. वर्षातून एकदा, कधी दोनदा. उंबऱ्याबाहेर दाणा, आणि दवाखान्यात कुणीतरी खाटेवर. कधी तिचं रक्त जुळायचं, कधी नाही. नाही जुळलं तर ती नातेवाइकांशी भांडायची. "टोचू द्या की वं बोट, मुंगी चावल्यागत तर हाय!" लोक म्हणायचे, म्हातारीला दवाखान्याचं याड लागलंय. तिची भीती मात्र कमी झाली नाही. रोज पहाटे दार उघडण्याआधी ती कडीवर हात ठेवून देवाचं नाव घ्यायची.

लढाई संपली. नाथाजी सुखरूप घरी आला. राहीला पुन्हा दिवस गेले, बघता बघता भरतही आले.

पौषातल्या एका सकाळी धोंडुबाईनं दार उघडलं. बाहेर काही नव्हतं. वळली, तर दाणा उंबऱ्याच्या आत पडला होता. पाय सवयीनं वाटेला लागले. राही अजून निजलेली होती.

दवाखान्यात पोचली तर सगळ्या खाटा रिकाम्या.

"आज कुणी नाही, धोंडुबाई," डॉक्टरीणबाई हसून म्हणाली. "आज घरी जा."

ती गेली नाही. ओसरीच्या बाकावर बसली. आतून आवाज येत होता, टिक... टिक... तिलाच ऐकू येणारा. ऊन पायरीवरून अंगणात उतरलं. अन् एकाएकी तो आवाज थांबला. इतक्या वर्षांत तो असा कधी थांबला नव्हता.

बाकावर, तिच्या मांडीला लागून, गार वाटलं. खाली बघितलं तर पायाशी पितळेची वाटी होती. राळ्यानं शिगोशीग भरलेली. वेचायचं काही उरलं नव्हतं.

नदीकडच्या रस्त्यावर धूळ उठली. बैल उधळल्यासारखे पळत होते, आणि त्यांतली एक चिरलेली घंटा बद्द वाजत होती.

धोंडुबाईनं डाव्या हातातल्या बांगड्या कोपराच्या वर सारल्या आणि उठून उभी राहिली.